चार्जर मागणारं घड्याळ

मे महिना सरत आला, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की आमच्या ऑफिसात दोन प्रश्न हमखास सुरू होतात. पहिला, "या वेळी कुठला गड?" आणि दुसरा, "अरे, ट्रेकसाठी घड्याळ कुठलं घेऊ?" पहिल्याचं उत्तर द्यायला दहा जण पुढे येतात (आणि दहाही जण राजमाचीच सांगतात!). दुसऱ्याचं उत्तर द्यायला एकच जण पुढे येतो, ज्याने नुकतंच मोबाइलच्या किमतीचं घड्याळ घेतलेलं असतं. मग काय, पुढची वीस मिनिटं जीपीएस, हार्ट रेट, रक्तातला ऑक्सिजन, झोपेचा स्कोअर, 'मिलिटरी ग्रेड' वगैरे वगैरे. चहा गार होतो.

हौस म्हणून कोणी काहीही घ्यावं, माझी काही हरकत नाही. मीही हौसेपायी बऱ्याच निरुपयोगी वस्तू घेतल्या आहेत. माझा राग आहे तो ह्या सगळ्याच्या शेवटी येणाऱ्या एका शब्दावर: "सेफ्टीसाठी रे." म्हणजे मनगटावरचं ते महागडं प्रकरण तुम्हाला डोंगरात वाचवणार, आणि उद्या पूर-बीर आला तर तेव्हाही वाचवणार. हे साफ खोटं आहे. उलट माझं म्हणणं असं, की डोंगरात आणि आपत्तीत मनगटावर असं घड्याळ हवं की ज्याला उजेडाशिवाय कोणाचंच काही लागत नाही. ना चार्जर, ना केबल, ना ब्लूटूथ, ना फोन, ना अपडेट. साधं, सोलर, शक्यतो डिजिटल घड्याळ. चार आकडी रकमेत मिळतं. त्यापुढचे पैसे हौसेचे, सेफ्टीचे नाहीत.

आता ह्यावर लगेच उत्तर येतं, "पण माझंही सोलरच आहे की!" इथेच खरी गोम आहे. 'सोलर' ह्या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या जाती विकल्या जातात. एका जातीत ऊन हे अख्खं जेवण आहे. दुसऱ्या जातीत ऊन म्हणजे ताटातलं लोणचं. जेवण भिंतीतल्या सॉकेटमधूनच येणार.

उदाहरण घेऊ. गार्मिनचं इन्स्टिंक्ट २ सोलर २०२२ साली आलं. चांगलं घड्याळ आहे, वाईट अजिबात नाही. त्याची जाहिरात स्मार्टवॉच मोडमध्ये 'अनलिमिटेड' बॅटरी अशी होती. खाली बारीक अक्षरांत अट: रोज ३ तास, ५०,००० लक्स उजेडात, बाहेर. ५०,००० लक्स म्हणजे चांगलं सणसणीत ऊन. आणि जीपीएस चालू केलं की हिशोब महिन्यांवरून थेट तासांवर येतो. आता मला सांगा, जुलैमध्ये हरिश्चंद्रगडावर ५०,००० लक्स कुठून आणणार? तिथे धुक्यात स्वतःचे बूट दिसले तरी पुष्कळ. वर विंडचीटरची बाही मनगटापर्यंत ओढलेली. सौर पॅनेलला सूर्यदर्शन सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये.

याच्या शेजारी कॅसिओच्या साध्या सोलर जी-शॉकचं माहितीपत्रक ठेवा. त्यात एक छोटं कोष्टक असतं. घड्याळ एक दिवस चालण्यापुरती ऊर्जा मिळवायला किती वेळ लागतो? ५०,००० लक्स उन्हात ५ मिनिटं. खिडकीतून येणाऱ्या १०,००० लक्स उजेडात २४ मिनिटं. ढगाळ दिवशी खिडकीपाशी, ५,००० लक्समध्ये, ४८ मिनिटं. आणि ५०० लक्सच्या ट्यूबलाइटखाली ८ तास. (ट्यूबलाइटखाली आठ तास! आपण तर तिथे दहा तास बसतो.) म्हणजे त्याच ५०,००० लक्समध्ये एकाला ५ मिनिटं पुरतात आणि दुसऱ्याला ३ तास. छत्तीस पट फरक. शिवाय जीडब्ल्यू-एम ५६१० सारखं मॉडेल पूर्ण चार्ज असेल तर पुढे उजेड न मिळताही साधारण दहा महिने चालतं. दहा महिने! अख्खा पावसाळा धुक्यात काढलात तरी त्याला काही फरक पडत नाही.

यात जादू काहीच नाही. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की एक सेकंद मिळतो. (ज्याने हा आकडा निवडला त्याच्या पाया पडावंसं वाटतं.) एवढं मोजायला आणि काळे आकडे दाखवायला काही मायक्रोवॉट पुरतात. जीपीएस रिसीव्हरला त्याच्या हजारो पट वीज लागते. मनगटावर मावेल एवढ्या पॅनेलमधून पहिली भूक सहज भागते, दुसरी भागत नाही. कुठल्याही कंपनीने कितीही जाहिरात केली तरी पॅनेलचं क्षेत्रफळ तेवढंच राहणार.

आम्ही पाच-सहा जण एकदा पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. एका मित्राच्या हातात असंच एक झकास जीपीएस घड्याळ होतं. ब्रँड सांगत नाही, कारण मुद्दा ब्रँडचा नाही. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघताना त्यात ६०-६५ टक्के चार्ज. शनिवारभर ट्रॅक रेकॉर्ड केला, कोकणकड्यावर सूर्यास्ताच्या वेळी सगळ्यांना उंची दाखवून झाली, रात्री गुहेत झोपेचा स्कोअर मोजला (दगडावर झोपल्यावर कसला आलाय स्कोअर!). रविवारी सकाळी स्क्रीन काळी. पॉवरबँक होती बरोबर, एक सोडून तीन होत्या. पण त्या घड्याळाला चिमटा असलेली त्याची स्वतःचीच केबल लागते, आणि ती होती घरी टेबलावर. उतरताना तो दर अर्ध्या तासाने मला विचारायचा, "किती वाजले रे?" माझ्या हातात होतं चार आकडी किमतीचं प्लॅस्टिकचं सोलर डिजिटल. मी वेळ सांगायचो.

त्याने काही चूक केली असं मी म्हणत नाही. ह्या घड्याळांची घडणच तशी आहे. आपण ऑफिसात एखादं डिझाइन बघताना पहिल्यांदा काय विचारतो? हे कशाकशावर अवलंबून आहे? आणि ते गेलं तर हे काय करतं? इथे वीज गेली तर नकाशा गेला, ट्रॅक गेला, होकायंत्र गेलं, आणि वेळही गेली. म्हणजे सगळ्यात कमी ऊर्जेत होणारं, सगळ्यात गरजेचं काम तुम्ही सगळ्यात खादाड कामांच्या बरोबर एकाच बॅटरीवर टांगलंत. असं डिझाइन कोणी रिव्ह्यूला आणलं असतं तर आपण त्याला मीटिंगमधून हाकललं असतं. पण मनगटावर मात्र वीस-तीस-चाळीस हजार देऊन घेतो.

"पण वाट चुकलो तर? जीपीएसने परत फिरता येतं ना!" येतं की. जरूर येतं. पण ते काम फोनला द्या. नकाशा आधी उतरवून ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. रेंज नसली तरी जीपीएस चालतं. फोनची स्क्रीन मोठी असते, आणि त्याची केबल ग्रुपमधल्या निदान तिघांकडे असते. शिवाय सांधण दरीसारख्या दोन्ही बाजूंनी कडे असलेल्या घळीत उपग्रहांचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, तेव्हा फोन काय आणि घड्याळ काय, दोघेही तुम्हाला कड्याच्या आत चालताना दाखवतात. वाट दाखवायला एक वस्तू, वेळ दाखवायला दुसरी, उजेड पाडायला तिसरी. एक मेली तर बाकीच्या जिवंत.

आता ह्या साध्या घड्याळवाल्यांमध्येही एक पंथ आहे, तो म्हणजे 'ट्रिपल सेन्सर' पंथ. उंची, दाब, दिशा, तापमान. (हो, सेन्सर तीन आणि आकडे चार. दाबावरूनच उंची काढतात.) सोलरवर चालणारी प्रो ट्रेक वगैरे मॉडेल्स ह्यात येतात, आणि ती वर म्हटलेल्या परीक्षेत पास होतात, चार्जर मागत नाहीत. पण सह्याद्रीत त्या सेन्सर्सचा उपयोग किती? तापमान घ्या. मनगटावर असताना ते तुमच्या अंगाचं तापमान मिसळून सांगतं. खरं तापमान हवं तर घड्याळ काढून वीस-तीस मिनिटं बाजूला ठेवायचं. कळसूबाईच्या शिखरावर घड्याळ काढून अर्धा तास वाट बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

उंचीची गंमत त्याहून मोठी. हे घड्याळ उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतं. एक हेक्टोपास्कल दाब कमी झाला की साधारण साडेआठ-नऊ मीटर उंची वाढली असं समजतं. पण आपल्याकडे, उष्ण कटिबंधात, हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वात जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरतो. रोज, चांगल्या हवेत, कुठलंही वादळ नसताना. म्हणजे तुम्ही गडावर टाक्याच्या काठी नुसते बसून राहिलात तरी दुपारपर्यंत घड्याळाच्या मते वीस-पंचवीस मीटर वर चढलेले असता! आणि हाच आकडा 'दाब उतरतोय, वादळ येतंय' म्हणूनही वाचता येतो. दर ठिकाणी माहीत असलेली उंची भरून ते जुळवून घेतलं तर उपयोग होतो. हिमालयात, पाच-पाच दिवसांच्या चालीत, दाबाचा कल बघायला नक्कीच होतो. पण रविवारच्या तोरण्याला? गडाची उंची पाटीवर लिहिलेली असते हो.

आणि दिशा. ह्या बाबतीत मात्र जरा थांबतो, कारण इथे चुकीचा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, धोक्याचा आहे. सर्व्हायव्हलच्या प्रत्येक पुस्तकात एक युक्ती असते. काट्यांचं घड्याळ घ्या, तासकाटा सूर्याकडे धरा, तासकाटा आणि १२ ह्यांच्या बरोबर मधली दिशा म्हणजे दक्षिण. आपल्याकडचे ट्रेक लीडर ती मोठ्या कौतुकाने पोरांना शिकवतात. ही युक्ती ज्यांनी लिहिली ती मंडळी युरोप-अमेरिकेत बसलेली. तिथे सूर्य वर्षभर दक्षिणेकडून वळसा घेत जातो. आपल्याकडे तो जवळजवळ डोक्यावरून जातो. मार्चमधला विषुवदिन घ्या, सूर्याच्या वेळेने सकाळचे नऊ. पुण्याच्या अक्षांशावर (१८.५ अंश उत्तर) सूर्य तेव्हा दक्षिणेपासून सुमारे ७२ अंश पूर्वेकडे असतो. घड्याळाची युक्ती धरून चालते की तो ४५ अंशांवर आहे. म्हणजे २७ अंशांची चूक. त्या दिशेने दोन किलोमीटर चाललात की तुम्ही हव्या त्या जागेपासून जवळपास नऊशे मीटर लांब. नऊशे मीटरमध्ये सह्याद्रीत एक अख्खी सोंड बदलते. तुम्ही भलत्याच दरीत उतरता.

बरं, ही झाली मार्चची गोष्ट. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो! त्या काळात युक्ती दक्षिण म्हणून उत्तर दाखवू शकते. शिवाय आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची, पुणे ७४ च्या जवळ. म्हणजे आपलं घड्याळ सूर्याच्या सुमारे ३५ मिनिटं पुढे, ते वेगळंच. आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे, आपण ट्रेकला जातो ते मुख्यतः पावसाळ्यात. सूर्य आहे कुठे? तेव्हा कृपा करून ह्या युक्तीखातर काट्यांचं घड्याळ घेऊ नका. दोन-चारशे रुपयांचं साधं होकायंत्र सॅकच्या पट्ट्याला बांधा. (पॅराकॉर्डचा पट्टा, चकमक, शिट्टी आणि शेंगदाण्याएवढं होकायंत्र असलेली ती 'सर्व्हायव्हल' घड्याळं तर बोलूच नका. त्यातली शिट्टी तेवढी चालते.)

मग घड्याळ हवं तरी कशाला? फोनवर वेळ दिसतेच की.

हवं, कारण डोंगरात वेळ म्हणजे किती वाजले हे नसतं. किती उजेड उरलाय, हे असतं. पुण्याच्या आसपास डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या सुमारास. आपल्याकडे संधिप्रकाशही लांबत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत मिट्ट. तेही उघड्यावर. घळीत किंवा दाट रानात त्याच्या आधी तासभर अंधारायला लागतं. बहुतेक लोक वाट चुकतात ते दुपारी बारा वाजता नाही, संध्याकाळी साडेसहाला. ढोरवाट आणि खरी वाट एकसारखी दिसायला लागते तेव्हा. म्हणून आदल्या रात्रीच उलटा हिशोब मांडायचा. डिसेंबर आहे, सहाला सूर्यास्त, त्यातला एक तास रानाचा म्हणून वजा, उतरायला तीन तास. म्हणजे दोन वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. माथा दिसत असला तरी. घड्याळात दीडचा गजर आणि दोनचा गजर.

ह्या गजराचं महत्त्व ज्याने ग्रुप नेलाय त्यालाच कळेल. "अजून दहाच मिनिटं" हे वाक्य प्रत्येक ट्रेकला कोणीतरी म्हणतंच. तिथे "नाही, मागे फिरायचं" म्हणणारा माणूस वाईट ठरतो. पैसे भरून आलेल्या पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये तर लीडरची हिंमतच होत नाही. पण घड्याळ वाजलं की ते कोणाचं ऐकत नाही. आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून ठरवलेली वेळ ते फक्त आठवण करून देतं. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर एकाच वादळात आठ जण गेले. त्यातले काही दुपारी दोननंतरही वर चढतच होते, आणि त्यांच्यापैकी कोणाकडेही घड्याळ नव्हतं असं काही नाही. घड्याळ माणसाला मागे ओढून आणत नाही, मान्य. पण ज्या ग्रुपने वेळ ठरवली आहे त्याच्या मनगटावर बंद पडलेली स्क्रीन असेल, तर ती ठरवलेली वेळ गेल्याचं कोणाला कळतच नाही. फोन? तो सॅकमध्ये, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, रबर लावून. धो धो पावसात कड्यावरच्या पायऱ्यांवर तो कोण काढतो? शोधायला निघालेले लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे लोक काही पगारी नाहीत. तेही तुमच्या-माझ्यासारखेच, घरून डबा सोडून रात्री दोरखंड घेऊन निघणारे. ते हिशोबात धरा.

आता आपत्तीचं. आमच्या कंपनीच्या डेटाला दुसऱ्या शहरात बॅकअप आहे, त्याचा बॅकअप आहे, वर्षातून दोनदा त्याची ड्रिल होते. त्याच कंपनीतल्या माणसाच्या घरी वीज गेली तर मेणबत्ती सापडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा वीज गेली, फोन लागेनात, लोक रात्रभर ऑफिसांत, बसमध्ये, रस्त्यांवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, कोकणातल्या कित्येक गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. १२ ऑक्टोबर २०२० ला तर पाऊसही नव्हता, वादळही नव्हतं, तरी सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली. २००५ साली निदान साधा फोन तीन-चार दिवस चालायचा. आज फोन रोज चार्ज, घड्याळ रोज नाहीतर आठवड्याला चार्ज, कानातले बोंडूक रोज चार्ज. पैसे फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये, वेळ फोनमध्ये. सगळं एका सॉकेटच्या जिवावर.

अशा वेळी साध्या घड्याळाने फार मोठं काही होतं असा माझा दावा नाही. छोट्या गोष्टी होतात. फोन बंद ठेवून फक्त ठरलेल्या वेळी, समजा दर तीन तासांनी दहा मिनिटं, चालू करायचा असं घरच्यांशी आधीच ठरवता येतं. म्हणजे एका चार्जवर तीन-चार दिवस संपर्क राहतो. पण त्यासाठी फोनखेरीज वेळ सांगणारं काहीतरी हवं, आणि दोन्हीकडे हवं. आईबाबांची दर आठ तासांची औषधं चुकत नाहीत. कोणाला साप चावला तर किती वाजता चावला हे डॉक्टरला नेमकं सांगता येतं, आणि डॉक्टर ते विचारतोच. रात्री आळीपाळीने पाण्याची पातळी बघत बसायचं असेल तर पुढच्याला कधी उठवायचं ते कळतं. एवढंच. पण ह्यातलं एकही काम बंद पडलेल्या स्मार्टवॉचकडून होत नाही.

"मग सोलरच कशाला? दहा वर्षांच्या बॅटरीवाली मिळतात की." हा एकच युक्तिवाद मला पटतो. कॅसिओचं एई-१२०० सारखं घड्याळ एका सेलवर दहा वर्षं चालतं असं कंपनी सांगते, १०० मीटरचं आहे आणि सोलरपेक्षा स्वस्त. बजेट तेवढंच असेल तर डोळे मिटून घ्या, माझ्या भूमिकेला कुठे धक्का बसत नाही. फरक दोन. एक, सेल बदलायला घड्याळाची पाठ उघडावी लागते. कोपऱ्यावरचा घड्याळवाला ती उघडतो, सेल टाकतो, आतली रबरी कडी नीट बसली का हे न बघता पाठ दाबून देतो. पुढच्या पावसात काचेच्या आत वाफ. दोन, सोलर घड्याळात बहुधा चार्ज किती आहे ते दिसतं. साधा सेल शेवटच्या काही दिवसांत कधी दगा देईल सांगता येत नाही. सोलरमधली बॅटरीही अमर नसते, पण नीट वापरली तर दहा-पंधरा वर्षं सहज काढते.

घेताना बघायचं काय? पाण्याचा आकडा. पाठीवर ३० मीटर लिहिलंय म्हणजे ३० मीटर खोल चालतं असं नव्हे. त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी चालेल एवढाच. धबधब्याखाली उभं राहणार असाल तर किमान १०० मीटर, २०० असेल तर उत्तम, आणि पाण्यात बटणं दाबायची नाहीत. दुसरं, आकडे काळे आणि पाठ उजळ असलेलंच घ्या. काळ्या पाठीवर उजळ आकडे दुकानात फार देखणे दिसतात, पण संध्याकाळच्या उजेडात वाचता येत नाहीत, आणि आपल्याला घड्याळ वाचायचंय नेमकं तेव्हाच. तिसरं, काच कडेपेक्षा खोल बसलेली हवी, म्हणजे खडकावर घासली तर कड घासते. जी-शॉकची चौकोनी घड्याळं १९८३ पासून ह्याच घाटाची आहेत. उगीच नाही टिकली. आणि मल्टीबँड, म्हणजे रेडिओवरून आपोआप वेळ जुळवणं, ह्याचे वेगळे पैसे भारतात देऊ नका. त्याची प्रक्षेपणं जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतून होतात, मुंबई-पुण्यापर्यंत ती पोचत नाहीत. महिन्याला पंधरा सेकंदांच्या चुकीने तुमचा गड हुकत नाही. नकली मालापासून मात्र सावध. सोलर असं नुसतं छापलेली, पॅनेलच्या जागी रंग दिलेली घड्याळं फुटपाथवर ढिगाने मिळतात.

एक राहिलं. सोलर घड्याळ घेऊन ते पुढच्या ट्रेकपर्यंत कपाटात टाकू नका, त्याची बॅटरी अंधारात पार उतरली की तिचं आयुष्य कमी होतं. टीव्हीशेजारी, खिडकीत, कुठेही उजेडात पडू द्या. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र नको. काचेमागच्या उन्हात स्क्रीन काळी पडेपर्यंत तापतं आणि ते बॅटरीला सोसत नाही. आणि पट्ट्याकडे दर पावसाळ्याआधी एकदा बघा. आपल्या दमट हवेत ते रेझिन दहाएक वर्षांत चिरा पडून तुटायला लागतं. पट्टा वाकवून बघायचा, पिन बसते त्या भोकांपाशी भेगा दिसल्या तर नवा टाकायचा, नाहीतर सरळ नायलॉनचा. घड्याळ चालू आणि पट्टा तुटून दरीत, असं व्हायला नको.